जॉन डाल्टन : हवेची रोजनिशी ठेवणारा शिक्षक

मनुष्याच्या नित्याच्या बोलण्यात हवेइतका सर्वसाधारण विषय दुसरा क्वचितच आढळेल. शेतकरी मृगाच्या ढगांकडे डोळे लावून बसतो, कोळी वाऱ्याचा रोख पाहून होडी लोटतो आणि गृहिणी आभाळ भरून आले की वाळवण उचलते. तथापि हवेविषयी बोलणे निराळे आणि हवेचे शास्त्र जाणणे निराळे. ज्या थोड्या पुरुषांनी हा विषय ओसरीवरच्या गप्पांतून उचलून प्रयोगशाळेच्या मेजावर आणून ठेविला, त्यांत जॉन डाल्टन यांची गणना अग्रभागी करावी लागते. परमाणुवादाचे जनक म्हणून त्यांचे नाव आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस परिचित आहेच. परंतु परमाणूपर्यंत ते पोहोचले ते हवेच्या वाटेने, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. त्या वाटेचा थोडासा परिचय करून द्यावा, हा ह्या लेखाचा हेतू आहे.

इंग्लंडच्या वायव्य भागात कंबरलंड नावाचा डोंगराळ व पावसाळी प्रांत होता. तेथील ईगल्सफील्ड ह्या खेड्यात सन 1766 च्या सप्टेंबरात जॉनचा जन्म झाला. बाप जोसेफ डाल्टन हा हातमागावर कापड विणून व थोडी शेती करून संसार चालवी. हे कुटुंब क्वेकर पंथाचे होते. साधा वेष, मितभाषण आणि कष्टाची आवड हे त्या पंथाचे गुण जॉनच्या अंगी जन्मभर दिसून आले. गावच्या शाळेत फ्लेचर नावाच्या गुरुजींपाशी त्याचे प्रारंभीचे शिक्षण झाले. शेजारी एलिह्यू रॉबिन्सन नावाचे सुखवस्तू क्वेकर गृहस्थ राहत. त्यांस हवेची निरीक्षणे करण्याचा व उपकरणे तयार करण्याचा नाद होता. त्यांनी ह्या गरीब मुलाची बुद्धी हेरली आणि त्यास गणित शिकविण्यास आरंभ केला. मुलाच्या मनात हवेविषयी जिज्ञासेचे बीज प्रथम पडले ते ह्याच घरी.

बारा वर्षांचे वय म्हणजे आमच्या शाळेत माध्यमिक वर्गात नुकतेच पाऊल टाकण्याचे वय. त्या वयात जॉन स्वतः शिक्षक झाला! सन 1778 च्या सुमारास त्याने गावातच शाळा चालविली. त्या शाळेत लहान बालकांबरोबरच त्याच्या बरोबरीची व त्याहून मोठी मुलेही असत. त्यांना आवरताना ह्या बालगुरूची किती तारांबळ उडत असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. पुढे काही काळ शेतीतही राबून 1781 साली तो केंडल ह्या गावी गेला. तेथे एका आप्ताच्या शाळेत त्याचा वडील भाऊ जोनाथन शिकवीत असे. तेथेच जॉनही शिक्षक झाला आणि 1785 पासून दोघा भावांनी ती शाळा स्वतःच्या जबाबदारीवर चालविली.

केंडल येथे त्यांस जो गुरू लाभला, तो विलक्षण होता. जॉन गफ हे गृहस्थ बालपणी देवीच्या रोगाने आंधळे झाले होते. परंतु स्पर्शाने व गंधाने ते वनस्पती ओळखीत आणि गणितातील कूट प्रश्न मनातल्या मनात सोडवीत. त्यांनी डाल्टन यांस लॅटिन, ग्रीक व उच्च गणित शिकविले. हवेची नोंद रोजच्या रोज लिहून ठेवावी, हा सल्लाही त्यांचाच. ज्यास आकाश दिसत नव्हते त्याने शिष्यास आकाशाकडे पाहण्यास शिकवावे, हा योग खरोखरच चिंतनीय आहे.

सन 1787 च्या मार्च महिन्याची 24 तारीख होती. डाल्टन त्या वेळी वीस वर्षांचे होते. त्या रात्री उत्तर दिशेस ध्रुवप्रकाश झळकला आणि त्याचीच नोंद करून त्यांनी आपली हवेची रोजनिशी सुरू केली. तेव्हापासून मरणाच्या आदल्या सायंकाळपर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षे, ती अखंड चालली. हवेचा दाब, उष्णता, आर्द्रता, वारा व पाऊस यांची मिळून दोन लक्षांहून अधिक निरीक्षणे तीत नमूद झाली. विकत घेण्यास पैसा नव्हता, म्हणून वायुभारमापक व उष्णतामापक त्यांनी स्वतः तयार केले. हवेतील ओलावा कळावा म्हणून त्यांनी दोरी टांगून ठेविली. ओलाव्याने दोरीची लांबी पालटते, तेवढ्यावरून ते अनुमान बांधीत. सुट्टी मिळाली की ते जवळच्या हेल्व्हेलिन पर्वतावर चढत आणि उंचीबरोबर दाब व उष्णता कशी कमी होते ते मोजीत.

वाचक येथे विचारतील की, इतक्या नोंदींचा उपयोग काय झाला? उद्या पाऊस पडेल की नाही, हे त्यावरून सांगता आले काय? प्रामाणिक उत्तर द्यावयाचे तर, आले नाही. एका गावच्या नोंदींवरून उद्याची हवा वर्तविता येत नाही. त्यासाठी दूरदूरच्या ठिकाणांची माहिती एकाच वेळी हाती यावी लागते, आणि त्या काळी तारायंत्रही नव्हते. परंतु नोंदी लिहिता लिहिता डाल्टन यांच्या मनात प्रश्नांची गर्दी झाली. पावसाचे पाणी हवेत राहते तरी कोणत्या रूपाने? झरे व नद्या यांस पाणी कोठून मिळते? उष्ण दिवशी ओले कापड लवकर वाळते, पण उष्ण आणि दमट दिवशी का वाळत नाही? ह्या प्रश्नांची उत्तरे आकाशाकडे नुसते पाहत बसून मिळण्याजोगी नव्हती. त्यासाठी आकाशाचा एक तुकडा काचेच्या नळीत कोंडून त्यास प्रश्न विचारणे भाग होते. डाल्टन यांचे खरे मोठेपण ह्यात आहे की, नोंदवहीपाशी न थांबता ते प्रयोगाकडे वळले.

सन 1793 मध्ये त्यांचे हवामानविषयक निबंधांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. व्यापारी वाऱ्यांस पृथ्वीच्या परिवलनामुळे तिरकी दिशा कशी मिळते, याचे स्पष्टीकरण त्यांनी स्वतंत्र विचाराने त्यात दिले होते. तेच स्पष्टीकरण जॉर्ज हॅडली यांनी 1735 साली दिल्याचे त्यांस मागाहून समजले. तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी ती गोष्ट उघडपणे नमूद करून पहिला मान हॅडली यांस दिला.

त्याच वर्षी ते मँचेस्टर येथील न्यू कॉलेजात गणित व सृष्टिविज्ञान शिकविण्यास गेले. त्या काळी चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरील पंथांच्या विद्यार्थ्यांस ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील पदवी मिळत नसे. त्यामुळे आमच्या चरित्रनायकास विद्यापीठाचे द्वार बंदच होते, आणि हे कॉलेज अशाच वगळलेल्या मुलांसाठी स्थापन झाले होते. सन 1800 मध्ये ही नोकरी सोडून खासगी शिकवण्यांवर त्यांनी उदरनिर्वाह चालविला. मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान संस्थेने आपल्या इमारतीतील एक खोली त्यांस प्रयोगांसाठी दिली. तेथील सामग्री अगदी साधी होती. परंतु जे प्रयोग आम्ही पुढे सांगणार आहोत, त्यांस त्याहून अधिक लागतही नव्हते.

पहिला प्रयोग पाऊस व झरे यांविषयीचा. नद्यांतून इतके पाणी सतत वाहते, त्यास नुसता पाऊस पुरेल काय, असा विद्वानांत वाद होता. जमिनीच्या पोटात समुद्राशी जोडलेले गुप्त मार्ग असावेत, असेही कित्येक मानीत. डाल्टन यांनी टॉमस हॉइल ह्या मित्राच्या साहाय्याने कल्हईच्या पत्र्याचे एक नळकांडे करविले. त्याची रुंदी दहा इंच व खोली तीन फूट होती. त्यात खडी, वाळू व माती भरून ते जमिनीत पुरले. एक नळी माथ्याजवळ व एक बुडाशी बसवून दोहोंची तोंडे बाटल्यांत सोडली. वरून वाहून जाणारे पाणी एका बाटलीत जमे आणि झिरपून खाली जाणारे दुसऱ्या बाटलीत. शेजारच्या पर्जन्यमापकात पडलेला पाऊस मोजला आणि त्यातून बाटल्यांतील पाणी वजा केले की, वाफ होऊन उडालेले पाणी किती, ते समजे. हा जमाखर्च तीन वर्षे चालला. पुढे त्यांनी साऱ्या इंग्लंड व वेल्सचा हिशेब मांडला. वर्षाकाठी पाऊस सरासरी 31 इंच व दव सुमारे 5 इंच पडते, आणि नद्या समुद्रास नेतात ते पाणी केवळ 13 इंचांइतके भरते, असे त्यांस आढळले. तेव्हा झरे व नद्या यांस पाऊस पुरून उरतो, गुप्त मार्गांची गरज नाही, हा निष्कर्ष 1799 साली त्यांनी संस्थेपुढे वाचला. आज एखाद्या तालुक्याच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात, त्याची मूळ रीत हीच होय.

दुसरा प्रयोग वाफेचा. साखर पाण्यात विरघळते तसे पाणी हवेत विरघळते, असे त्या काळचे बहुतेक रसायनशास्त्रज्ञ समजत. डाल्टन यांस हे पटेना. एका तोंडाने बंद असलेली लांब काचनळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी केली, तर पारा सुमारे तीस इंच उंचीवर स्थिर राहतो आणि त्याच्यावर पोकळी उरते. ह्या पोकळीत हवा मुळीच नसते. तीत त्यांनी पाण्याचा थेंब सोडला. तत्काळ काही पाण्याची वाफ झाली व पारा खाली उतरला. नळीभोवती ऊन पाणी ओतले, तो पारा आणखी उतरला. प्रत्येक उष्णतामानास पारा किती उतरतो ते मोजून त्यांनी वाफेच्या दाबाचे कोष्टक तयार केले. नंतर कोरडी हवा भरलेल्या भांड्यात पाणी सोडून पाहिले, तो तेथेही दाब तितकाच वाढला! हवा असो वा नसो, वाफ आपला तेवढाच दाब देते. याचा अर्थ असा की, वाफ हवेत विरघळलेली नसून हवेच्या शेजारी स्वतंत्रपणे नांदत असते. मिश्रणातील प्रत्येक वायूचा दाब वेगळा असतो व त्यांची बेरीज म्हणजे एकूण दाब, हा जो नियम विद्यार्थी डाल्टन यांच्या नावाने पाठ करितात, तो ह्या थेंबातून निघाला. 1801 साली त्यांनी तो विद्वानांपुढे मांडला.

ह्या कोष्टकाचे महत्त्व आज पूर्वीपेक्षाही अधिक आहे. आधुनिक मापनाप्रमाणे 20 अंश सेंटिग्रेडला वाफेचा कमाल दाब पाऱ्याच्या साडेसतरा मिलिमीटर, तर 30 अंशांस जवळजवळ 32 मिलिमीटर भरतो. म्हणजे उष्णता थोडी वाढली तरी हवेत मावणारी वाफ पुष्कळ वाढते. एका अंशास सुमारे शेकडा सात इतकी. पृथ्वीचे हवामान तापत चालले असता अतिवृष्टीचे प्रसंग का वाढतात, हे समजावून देताना आजचे शास्त्रज्ञ ह्याच गोष्टीचा आधार घेतात.

तिसरा प्रयोग इतका सोपा आहे की, तो कोणाही मुलास घरी करता येईल. हवेत ह्या क्षणी वाफ किती आहे, ते कसे ओळखावे? डाल्टन काचेच्या कोरड्या पेल्यात झऱ्याचे थंड पाणी ओतीत. पेल्याच्या बाहेरून दव जमले, तर ते पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून किंचित कोमट होऊ देत, पेला पुसून कोरडा करीत आणि तेच पाणी पुन्हा पेल्यात ओतीत. असे करता करता ज्या उष्णतामानास दव जमणे थांबे, ते टिपून घेत. ह्यालाच आपण दवबिंदू म्हणतो. ही युक्ती पूर्वी फ्रान्समध्ये ल रॉय यांनी योजिली होती. परंतु तिला वाफेच्या दाबाच्या कोष्टकाची जोड डाल्टन यांनी दिली, आणि एका पेल्यावरून हवेतील वाफेचा दाब मोजता येऊ लागला. पुढे त्यांनी असेही दाखविले की, पाण्याच्या पृष्ठभागाशी असलेला वाफेचा दाब आणि हवेत आधीच असलेला वाफेचा दाब यांतील अंतर जितके अधिक, तितके पाणी लवकर उडते. श्रावणात दोरीवरचे धोतर दोन दोन दिवस ओले का राहते, याचे उत्तर त्यात आहे. कारण त्या दिवसांत हे अंतर फारच थोडे उरते.

हवेतील वायू एकमेकांत मिसळून राहतात. जड वायू खाली व हलका वर असे थर का बसत नाहीत, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसू देईना. निरनिराळे वायू पाण्यात निरनिराळ्या प्रमाणात का विरघळतात, हेही कोडे होते. प्रत्येक वायूचे परमाणू वजनाने भिन्न असले पाहिजेत, ह्या विचारावर ते येऊन ठेपले आणि 1803 साली त्यांनी परमाणूंच्या तुलनात्मक वजनांचे पहिले कोष्टक तयार केले. 1808 साली रसायनशास्त्रावरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग बाहेर पडला आणि साऱ्या युरोपात त्यांचे नाव झाले.

त्यांच्या हातून चुका झाल्या नाहीत असे मात्र नाही. पाण्यात हायड्रोजनचा एक व ऑक्सिजनचा एक परमाणू असतो, असे त्यांनी धरले. हायड्रोजनचे दोन असतात, हे आज शाळकरी मुलगाही सांगेल. त्यांच्या उपकरणांत फारशी सूक्ष्मता नव्हती. फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी वायूंच्या संयोगाविषयी दिलेला अचूक नियमही त्यांनी मान्य केला नाही. मोठ्या पुरुषाचे सर्वच विचार मोठे असतात असे नव्हे. परंतु त्यांनी घालून दिलेल्या रीतीनेच पुढील पिढीने त्यांच्या चुका दुरुस्त केल्या.

कीर्ती आली तरी राहणी पालटली नाही. ते अविवाहित राहिले आणि अनेक वर्षे एका पाद्रीसाहेबांच्या कुटुंबात भाड्याच्या खोलीत राहिले. दिवसाचा क्रम इतका ठरलेला की, गुरुवारी दुपारी हिरवळीवर चेंडू घरंगळविण्याचा खेळ खेळणे एवढीच काय ती त्यांची करमणूक. शिकवणे त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. एक फ्रेंच विद्वान ह्या जगविख्यात पुरुषास भेटावयास मँचेस्टरला आला, तेव्हा ते एका लहान मुलास अंकगणित समजावून देत होते. मुलाचे गणित सुटेपर्यंत त्यांनी पाहुण्यास बसावयास सांगितले, अशी कथा सांगतात. उष्णता व कार्य यांचा संबंध पुढे ज्यांनी प्रयोगाने सिद्ध केला, ते जेम्स जूल बालपणी त्यांच्यापाशीच शिकले. 1822 साली रॉयल सोसायटीने त्यांस सभासद केले. ज्या ऑक्सफर्डचे दार तरुणपणी बंद होते, त्याच ऑक्सफर्डने 1832 साली त्यांस सन्मानाची पदवी दिली. 1833 पासून सरकारी वर्षासनही सुरू झाले.

ऑक्सफर्डचा तो पदवीचा झगा भडक लाल होता. क्वेकर मनुष्याने असा रंग वापरणे हे अघटितच. पण डाल्टन यांस तो रंग लाल दिसतच नव्हता! 1792 साली त्यांच्या ध्यानात आले की, एक फूल दिवसा त्यांस निळे दिसते आणि मेणबत्तीच्या उजेडात निराळेच भासते. इतरांस मात्र ते दोन्ही वेळा जवळजवळ सारखेच दिसते. त्यांच्या भावाची दृष्टीही तशीच होती. ह्या दोषाची लाज न बाळगता त्यांनी 1794 साली त्यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यांतील द्रव निळसर असावा, अशी त्यांची कल्पना होती. ती खरी की खोटी हे पाहण्यासाठी मरणोत्तर आपले डोळे तपासावेत, अशी त्यांनी व्यवस्था करून ठेविली.

1837 साली अर्धांगवायूचा झटका आला, वाणी अडखळू लागली, हात कापू लागला. तरी रोजनिशी चालूच राहिली. 26 जुलै 1844 च्या सायंकाळी कापऱ्या हाताने त्यांनी दाब व उष्णतामान लिहिले, थोडा पाऊस झाल्याचे टिपले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा देहान्त झाला. सुमारे चाळीस हजार नागरिकांनी त्यांचे अंत्यदर्शन घेतले. वैद्यांनी त्यांच्या इच्छेप्रमाणे डोळा तपासला, तो द्रव स्वच्छ आढळला. त्यांचे अनुमान चुकले होते. परंतु तो डोळा जतन करून ठेविला गेला, आणि 1995 साली त्यातील आनुवंशिक द्रव्य तपासून शास्त्रज्ञांनी खरे कारण शोधून काढले : मध्यम लहरींचा प्रकाश टिपणारे रंगद्रव्य त्यांच्या नेत्रांत नव्हते. मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी त्यांचा शेवटचा प्रयोग पुरा झाला. त्यांचे बरेचसे कागदपत्र मात्र डिसेंबर 1940 मध्ये मँचेस्टरवर झालेल्या बाँबवर्षावात जळून गेले.

विद्यार्थीमित्रहो, ह्या चरित्रापासून घ्यावयाचा बोध दोन प्रकारचा आहे. नुसती नोंदवही भरून ज्ञान होत नाही, आणि नोंदीवाचून नुसत्या कल्पनेनेही होत नाही. डाल्टन यांनी दोहोंची सांगड घातली. दुसरे असे की, स्वतःचे मत स्वतःच्या मरणानंतरही कसोटीस लावण्याची त्यांची तयारी होती. ज्यास सत्य हवे असते, त्यास आपण हरण्याचे भय वाटत नाही.

आपल्या देशात ह्या अभ्यासास जितका वाव आहे तितका क्वचितच कोठे असेल. काचेच्या पेल्यात पाणी घ्यावे, बर्फाचे लहान खडे एकेक टाकून ढवळीत जावे, आणि पेल्यावर पहिले दव दिसताच उष्णतामान टिपावे. हेच वैशाखात, आषाढात व पौषात करावे. देशावर आणि कोकणात आप्त असतील, तर त्यांसही करावयास सांगून आकडे ताडून पाहावेत. सपाट बुडाचे, सरळ बाजूंचे एखादे भांडे उघड्यावर ठेवून पट्टीने रोजचा पाऊस मोजावा. पालकांस आमची विनंती इतकीच की, मुलाने घरातला पेला व एखादी साधी वही ह्या कामी मागितली, तर तो खेळ समजून नाकारू नये. डाल्टन यांच्यापाशीही आरंभी ह्याहून फारसे अधिक काही नव्हते.